लेणं बुद्धाचं की पांडवांचं हे नंतर, आधी वरचा पाट बघा

प्रश्न थोडक्यात असा. डिचोली तालुक्यातल्या एका गावात, कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला, जांभ्याच्या कड्यात कोरलेलं जुनं लेणं आहे. आत दोन खोल्या, एक दगडी ओटा, मागच्या भिंतीवर मांडी घातलेली झिजलेली आकृती, आणि पुढे कधीतरी नंतर बसवलेली पिंडी. गाव त्याला पांडवांचं लेणं म्हणतं. शिवरात्रीआधी प्रेशर वॉशर लावून शेवाळ काढायचं, भेगा सिमेंटने भरायच्या, भिंतींना ऑइल पेंट द्यायचा आणि खाली फरशी घालायची, असं देवस्थान समितीच्या मनात आहे. तरुण पोरांचं म्हणणं, आकृती बुद्धाची आहे, तसा फलक लावा. यातलं काय करावं आणि काय करू नये?

प्रश्नात दोन गोष्टी ओघात लिहिल्या गेल्या आहेत: छतातून एप्रिलमध्येही थेंब पडतो, आणि भिंतींना पांढरा भुरका येतो. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. फलकाचा वाद दोन वर्षं चालला तरी लेण्याचं काही जाणार नाही. थेंब आणखी दोन पावसाळे चालू राहिला तर वाद घालायला आकृती उरेल याची खात्री देता येत नाही.

आधी दगड समजून घ्या. जांभा खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर चिरे पाडता येतात. हवेला लागल्यावर त्याचं वरचं कवच घट्ट होतं. कवचाच्या आत लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांची जाळी असते आणि जाळीच्या भोकांत पांढरी-पिवळी माती भरलेली असते. म्हणजे कोरलेल्या भिंतीचा सगळा जीव वरच्या पातळ कवचात. पुष्कळदा ते काळपट दिसतं आणि लोकांना वाटतं मळ साचलाय. तो घासून काढला की आतला लालभडक दगड ‘स्वच्छ’ दिसतो खरा, पण तो उघडा पडलेला मऊ भाग असतो. दोन पावसाळ्यांत त्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चाळण होते. अजिंठ्याच्या बेसाल्टला जे सोसतं ते आपल्या जांभ्याला सोसत नाही, म्हणून तिकडे पाहिलेले उपाय इकडे तसेच उचलू नका.

आता पाणी. गोव्यात पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. मग एप्रिलमध्ये छत का गळतं? कुळागर म्हटल्यावर पहिला संशय पाटावर. झरीचं पाणी पोफळींना देणारा मातीचा पाट लेण्याच्या माथ्यावरून किंवा जरा वरून जात असेल, तर ऑक्टोबर ते मे पाणी मुरत राहतं आणि लेण्याला कोरडा ऋतू असा मिळतच नाही. वर खत घालत असाल तर तेही विरघळून त्याच वाटेने खाली येतं. भिंतीवरचा भुरका म्हणजे हेच क्षार. पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन सुकतं, क्षाराचे स्फटिक दगडाच्या भोकांत वाढतात आणि कवचाला आतून ढकलतात. पापुद्रा सुटतो तो असा. भिंतीवरचं शेवाळ बिचारं निरोप्या आहे. ओल कुठे आहे ते सांगतंय, आणि आपण त्यालाच झोडपायला निघालोय.

संशय खरा की खोटा हे तपासायला पैसे लागत नाहीत. कोरड्या दिवसांत माथ्यावरून जाणाऱ्या पाटाचं पाणी दहा दिवस बंद ठेवा. पोफळींना त्या दहा दिवसांपुरतं दुसऱ्या बाजूने पाणी द्या. रोज एका ठरलेल्या वेळी छताखाली एक भांडं ठेवून दहा मिनिटांत किती थेंब पडतात ते मोजा आणि वहीत लिहा. आकडा उतरत गेला तर चोर सापडला. तसाच राहिला तर पाणी सड्यावरून, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावरून, खोलातून येतंय, आणि उपाय वेगळा.

पावसाळ्यातही असंच पाहायचं. जोराची सर सुरू झाल्यावर तासाभरात भिंत ओघळू लागली तर पाणी कड्याच्या ओठावरून किंवा उघड्या भेगेतून येतंय. ओल दुसऱ्या दिवशी उगवली आणि पाऊस थांबल्यावरही आठवडाभर राहिली तर ती डोंगरातून पाझरते आहे. ओल फक्त जमिनीपासून वीतभर, हातभर वर चढलेली असेल तर ती खालून येते. आणि थंडीच्या सकाळी भिंत चकचकीत ओली, दुपारी कोरडी, असं असेल तर ते नुसतं दव. त्यासाठी काही करायचं नाही. ही चार पाण्यं वेगळी ओळखता आली की अर्धं काम झालं.

उपाय साधे आहेत. माथ्यावरच्या पाटाचा तेवढा तुकडा काढून तिथे काळा पाइप टाका, तोही न खणता, दगडांवर टेकवून. माथ्यावरच्या झाडांना ठिबक चालेल. लेण्याच्या बरोबर वर खत आणि शेणाचा ढीग नको. पावसाचं वाहतं पाणी अडवायला कड्याच्या ओठापासून चारपाच मीटर मागे मातीचा आणि सुट्या दगडांचा वीतभर उंचीचा आडवा बांध घाला. त्याला दहा मीटरला दहा ते पंधरा सेंटीमीटर उतार ठेवून पाणी लेण्याच्या बाजूने लांब सोडा. चर खणणं जास्त पक्कं खरं, पण जुन्या जागेवर खणायला परवानगी हवी आणि कोरीव कामाच्या माथ्यावर तर खणूच नये. बांधाचं पाणी जिथे सुटतं तिथे दगड पसरा, नाहीतर तिथे घळ पडते.

हे काही आजचं शहाणपण नाही. चीनमधल्या लेशानचा ७१ मीटर उंच बुद्ध कड्यात कोरायला इ.स. ७१३ ते ८०३ अशी नव्वद वर्षं लागली. त्याच्या केसांच्या वळ्यांत, कानांमागे आणि वस्त्राच्या चुण्यांत पाणी काढून देणारे चर लपवलेले आहेत. तुमच्याही लेण्याच्या ओठाखाली हात फिरवून पाहा. खालच्या बाजूला बोटभर रुंदीची आडवी खाच असेल तर ती ओघळ तोडून थेंब बाहेर पाडण्यासाठी केलेली असू शकते. अशा खाचा मातीने आणि मुळांनी बुजतात. सगळ्या लेण्यात हाताने मोकळी करण्यासारखी बहुधा ती एकच जागा. बांबूची काडी वापरा, लोखंड नको.

झाडांबद्दल. भेगेत उगवलेलं पिंपळ, वड किंवा रुमडाचं (उंबराचं) रोप ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा आणि फुटवा आला की पुन्हा कापा. दोनतीन हंगाम चिकाटी धरा. मुळं मनगटाएवढी झालेली असतील तर हात लावू नका. ती कदाचित दगडाला धरून असतील, आणि तो निर्णय जाणकाराने जागेवर येऊन घ्यायचा. पण म्हणून समोरची सगळी झाडी साफ करू नका. सावली गेली की भिंत भराभर सुकते आणि क्षार एकदम फुटतात. कुळागराचा गारवा लेण्याच्या फायद्याचाच आहे.

आता समितीची यादी.

प्रेशर वॉशर: नको. भोकांतली माती धुऊन जाते आणि जाळी पोकळ होते. तारेचा ब्रशही नको. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. ते दगडाला धरून ठेवणारं लोहच विरघळवतं आणि मागे नवे क्षार ठेवून जातं. ब्लीचिंगही मागे क्षार सोडतं.

सिमेंट: भेगेत घातलेलं सिमेंट जांभ्यापेक्षा कठीण आणि कमी पाणी जाऊ देणारं. ओल त्याला वळसा घालून शेजारच्या दगडातून बाहेर पडते, तिथेच क्षार सोडते आणि काही वर्षांत सिमेंटची पट्टी जागेवर, आजूबाजूचा दगड मात्र गळालेला, असं दृश्य दिसतं. शिवाय सिमेंटचे स्वतःचे क्षार असतात ते वेगळेच. ओठावरची भेग बुजवावीच लागली तर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू, पावसाळा संपल्यावर घालून ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर सावकाश सुकवलेला. तोही पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोर, आणि कोरीव भागात नाहीच.

ऑइल पेंट: भिंतीचं तोंड बांधल्यासारखं होतं. ओल रंगामागे साचते आणि रंग सुटतो तो दगडाची साल घेऊनच. आधीच कुठे रंग लागलेला असेल तर खरवडू नका. जांभ्यात बारीक नक्षी निघत नाही, म्हणून अशा भिंतींवर एकेकाळी चुन्याचा गिलावा असू शकतो, आणि त्याचे तुकडे कोपऱ्यांत, कोनाड्यांच्या वरच्या कडेला अजून चिकटलेले असू शकतात. खरवडणाऱ्याला ते दिसणार नाहीत.

फरशी: यादीतली सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी, पण वाईट गोष्ट हीच. जमिनीतली ओल आज जमिनीतूनच सुकते. तिच्यावर फरशी बसली की ती भिंतींकडे वळते आणि हातभर उंचीचा पट्टा फोडते. तुमच्या लेण्यात आकृती तेवढ्याच उंचीवर बसलेली आहे. पाय भरू नयेत म्हणून हवं तर सुटी चटई अंथरा आणि पूजा झाली की गुंडाळा.

पूजा थांबवा असं मी म्हणणार नाही. ज्या लेण्यात माणसांची ये-जा असते त्याच्यावर कोणाचीतरी नजर असते, आणि ते लेण्याला उपयोगाचंच आहे. फक्त अभिषेकाचं पाणी आणि दूध परातीत धरून बाहेर न्या. समई आणि कापूर भिंतीपासून किमान दीड मीटर दूर ठेवा. तेलकट काजळी जांभ्याच्या भोकांत बसली की निघत नाही. नारळ बाहेरच्या सुट्या दगडावर फोडा. दिवे हवेत तर स्टँडवर, भोक न पाडता, आणि कामापुरतेच. रात्रभर जळणाऱ्या दिव्यासमोर भिंत हिरवी होते, म्हणजे पुन्हा शेवाळ आलंच. वटवाघळं असतील तर धूर करू नका. त्यांची सुकी विष्ठा झाडताना तोंडाला मास्क लावा आणि आधी थोडी ओलसर करा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. पुढे पत्र्याचं शेड उभारायचा मोह आवरा. पन्हळ नसलेल्या पत्र्याचं पाणी एका रेषेत पडतं आणि त्याचे शिंतोडे पायथ्याचा दगड खातात.

नोंद मात्र आजपासून करा, तिला कोणाची हरकत असायचं कारण नाही. समोरून पडणाऱ्या उजेडात झिजलेली आकृती सपाट दिसते. संध्याकाळ झाल्यावर कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. शेजारी १५ सेंटीमीटरची पट्टी धरा, टेकवू नका. खांद्यावर वस्त्राची रेघ आहे का, कान खांद्यापर्यंत आले आहेत का, डोक्यावर उंचवटा आहे का, हात मांडीत एकावर एक आहेत की उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे गेलाय, हे अशा फोटोंत उमटतं. खडूने रेषा ‘उठवू’ नका, पाणी किंवा तेल लावून अक्षरं वाचायचा प्रयत्न करू नका, आणि कागद-कोळशाचा ठसा घेऊ नका. खोल्यांची लांबी-रुंदी-उंची, ओट्याची उंची, दाराच्या चौकटीची भोकं, कोनाडे, सगळ्यांची मापं कागदावर आराखडा काढून लिहा. एक सावधगिरी: जुन्या चिरेखाणीतही भिंतीला चौकोनी पायऱ्या-कोनाडे पडलेले असतात. चिऱ्याच्या मापाच्या सरळ खाचा दिसल्या तर तेवढा भाग खाणीचा समजा.

सोबत एक मोजणी सुचवतो. आकृतीच्या पायथ्याशी, भिंतीला न चिकटवता, एक मीटर चौरस पांढरं प्लॅस्टिक अंथरा. आठवड्याने त्यावर पडलेली लाल भुकटी कागदात गोळा करून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला, तारखेसह लिहा. भिंत झडतेय की स्थिर आहे हे डोळ्यांना कळत नाही, ग्रॅमला कळतं. पाट बंद केल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत भुरका आणि भुकटी वाढू शकतात, कारण दगड सुकताना आतले क्षार बाहेर येतात. घाबरून भिंत धुऊ नका. धुतलेले क्षार परत आत जातात. छतातल्या भेगेचा फोटो पट्टी धरून दर महिन्याच्या एक तारखेला काढा. एका हंगामात मिलिमीटरभर रुंदी वाढली, किंवा मुठीएवढा तुकडा पडला, तर माणसांची ये-जा बंद करून लगेच कळवा.

आता बुद्धाचं. गोव्यात बौद्ध वस्ती होती याबद्दल शंका नाही. कोलवाळच्या मुशीर वाड्यावर इतिहासकार फादर हेरास यांना १९३० मध्ये बुद्धमूर्ती मिळाली, ती मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेत आहे. रिवणची लेणी बौद्ध भिक्षूंची मानतात. गोव्यावर राज्य केलेल्या भोज घराण्यातल्या असंकितवर्मा राजाच्या हिरेगुत्ती ताम्रपटात आर्यसंघाला, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या संघाला, गाव दिल्याची नोंद आहे. तुमच्याच तालुक्यात लामगावची लेणी आहेत, जी मूळची बौद्ध मानली जातात आणि ज्यांत आज शिवलिंग आहे. पण याच तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे अवशेष आहेत, आणि मांडी घालून बसलेला झिजका तीर्थंकर टॉर्चशिवाय बुद्धासारखाच दिसतो. छातीवर श्रीवत्साची खूण, अंगावर वस्त्र नाही आणि हात मांडीत असतील तर पारडं जैनांकडे झुकतं. हातात सोटा दिसला तर लकुलीशाचाही (शैव पाशुपत पंथाचा आचार्य) विचार करावा लागतो.

हरवळ्याच्या लेण्यांचं उदाहरण जवळचं आहे. तिथल्या जांभ्यातल्या खोल्यांची मांडणी पाहून अनेकांना विहार आठवतो, पण आत खांबासारख्या बैठकीवर लिंगं आहेत आणि त्यांतल्या एकावर सातव्या शतकाच्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. दापोलीकडच्या पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत; बौद्धांची सुरुवात, मग शैव, मग नाथपंथी, सगळे थर एकाच ठिकाणी. ‘पांडवांचं’ या नावावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. कोणी कोरलं हे गाव विसरलं की कोकणात ते काम पांडवांच्या नावे जमा होतं. आणखी एक बारकावा: खांडेपारच्या लेण्यात छताला कमळ आहे तसे ठळक आकार जांभ्यात निघतात, पण चेहऱ्याची बारीक घडण निघत नाही. त्यामुळे भिंतीतली आकृती जेमतेम ओळखू येत असेल तर ती झिजली असेलच असं नाही, मुळातच ढोबळ असेल. फोटो अभ्यासकांकडे जाईपर्यंत फलकावर ‘प्राचीन जांभ्यातलं लेणं, भिंतीला हात लावू नये’ एवढंच लिहा, आणि फलक कड्याला न ठोकता खांबावर लावा.

कायद्याचं थोडक्यात. लेणं आधीच संरक्षित यादीत आहे का ते पणजीला राज्याच्या पुरातत्त्व खात्यात आणि जुन्या गोव्याला केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारा. राज्याचा कायदा १९७८ चा, केंद्राचा १९५८ चा. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा असतो, आणि स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यादीत नसेल तर हा नियम आपोआप लागू होत नाही, आणि त्याच कारणाने धोका जास्त, कारण अडवणारं कोणी नसतं. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), कोमुनिदादीची (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) की देवस्थानाची, हे अर्जात लिहा. मालकाची सही आणि ग्रामसभेचा ठराव जोडला तर पुढची बरीच पत्रापत्री वाचते. सोबत आराखडा, चार दिशांचे फोटो, थेंबांची वही. सुटी मूर्ती किंवा कोरीव तुकडा सापडला तर आहे तिथेच ठेवून फोटो काढा, घरी किंवा देवळात हलवू नका. तुकडा कुठे पडला होता यावरून तो कशाचा हे कळतं, आणि एकदा उचलला की ते पुन्हा सांगता येत नाही.

शिवरात्रीआधी काही केल्याचं समाधान समितीला हवंच असेल तर पायवाट नीट करा, जमिनीवरचा पालापाचोळा मऊ केरसुणीने काढा, आणि माथ्यावरचा बांध घाला. हे सगळं दोन दिवसांचं, गावच्या हातांचं काम आहे. दहा दिवसांचे थेंबांचे आकडे आणि टॉर्चचे चार फोटो इथेच टाका. डोंगरातून पाणी येत असल्याचं निघालं तर पुढचं त्यावरून सांगता येईल.